पुसलेलं बोलायचं नाही

माझ्या ओट्यावरची पाटी ओट्याच्या पायरीखाली उतरत नाही, हा नियम मी केला तेव्हा गल्लीतल्या बाया हसल्या होत्या. फातिमाबी म्हणाली, "जमिलाबी, कचेरी उघडली काय गं?" मी म्हटलं, कचेरीत कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर तरी जातो, माझ्याकडं तेवढंही नाही.

नियम तिच्यामुळंच झाला होता. फकीर नावाचा तिचा मुलगा हैद्राबादेत कामाला. त्याला पत्र लिहायला ती आली, मी पाटीवर लिहिलं, वाचून दाखवलं, तर म्हणे थांबा, ह्याच्या बापाला दाखवून आणते. पाटी घेऊन गेली ती दिवस कलल्यावर आली. बापानं दोन ओळी पुसून कुणा शाळकरी पोराकडून दुसऱ्या लिहवल्या होत्या. सासूनं एक ओळ फिरवली होती. सुनेनं मधेच काहीतरी बारीक घातलं होतं, आणि नातीनं तारखेवर कोंबडी काढली होती. कुठली ओळ कुणाची ते एकजण सांगेना. उलट जो तो म्हणे, मी असं सांगितलंच नव्हतं. चौघं माझ्या ओट्यावर उभे राहून भांडले आणि शेवटी माझ्यावरच आले. तेव्हापासून पाटी इथंच. ज्याला बदलायचं त्यानं इथं येऊन बसायचं, सगळ्यांच्या देखत बदलायचं.

मी शाळेत गेलेली नाही. माझा नवरा खाजाभाई पाट्या रंगवायचा, दुकानांच्या आणि ट्रकांच्या. आमचं उमरगा सोलापूर-हैद्राबाद सडकेवर, त्यामुळं ट्रकांना तोटा नाही. निजामाच्या वेळी सगळं उर्दूत असायचं आणि खाजाभाईचा हात उर्दूत असा चालायचा की बघत राहावं. मग राज्य गेलं, आणि पाठोपाठ बोर्ड मराठीत हवेत असं झालं. एका मास्तरानं त्याला कागदावर सगळी अक्षरं काढून दिली. तो ती वाचायचा नाही, चित्रासारखी उतरवायचा. आधी खडूनं काढायचा, चुकलं की तळहातानं पुसायचा, आणि मनासारखं झालं की मला म्हणायचा, भर. मी रंग भरायची. बाई जशी पातेल्यांचे आकार ओळखते तशी मी अक्षरं ओळखायला लागले. आपल्याआपण वाचलेलं माझं पहिलं वाक्य होतं "येथे थुंकू नये". लई आनंद झाला होता.

खडू हातानं जातो. रंगाला रॉकेल लागतं, आणि तरी खाली डाग राहतो. पत्रं लिहायला लागले तेव्हा मला एवढंच येत होतं आणि तेवढं पुरलं. बाई बोलणार, मी पाटीवर लिहिणार, आणि मोठ्यानं वाचून दाखवणार. आपलंच बोलणं दुसरीच्या तोंडून ऐकलं की ते आपलं वाटत नाही. मग ती म्हणते, पुसा. ओला बोळा फिरवायचा आणि पुन्हा लिहायचं. चार वेळा, पाच वेळा. शेवटी ज्याला कुणीच 'पुसा' म्हणत नाही ते कार्डावर उतरवायचं, पेनानं. कार्डावर खाडाखोड करायची नाही, कारण खोडलेलं कार्ड घरात आलं की आमच्याकडं वाचायच्या आधीच रडायला बसतात. आणि पुसलेलं पायरीखाली बोलायचं नाही. ते मलाही लागू आणि बसलेल्या सगळ्यांना.

त्यामुळं माझ्या ओट्यावर भलतं भलतं बोललं गेलं. जाऊ जावेसमोर बोलली, लेक आईसमोर बोलली. पुसायचंच तर आहे, म्हणून.

महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट. शांतम्मा आणि तिची सून कमल दुपारच्या आल्या. शांतम्माचा नवरा सिद्रामप्पा आडत्या, माझ्या घरापासून चौथं दार. उर्दूत तो वकिलालाही ऐकायचा नाही, पण मराठी पत्रापुरता त्याच्या बायकोला माझा ओटाच लागायचा. तालुक्यात कितीतरी शिकलेल्या माणसांचं तसंच झालं होतं, आणि मला त्यांची कीव यायची असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल.

शांतम्मा बसताना पाण्याचा तांब्या घरून घेऊन यायची. माझं पाणी तिला चालत नव्हतं, माझी अक्षरं चालायची. कमल खांबाला टेकून बसली, लिंगायतांच्या गळ्यात असतं ते लिंग मुठीत धरून. पोट चांगलं दिसायला लागलेलं. तिचं माहेर कळंबचं. आई होती, आणि भाऊ शंकरप्पा. पहिलटकरणीला माहेरी न्यायची रीत सगळ्यांची एकच: सातव्यात न्यायचं, कारण आठव्यात वेस ओलांडायची नाही आणि नववा कुणाच्या हातचा नाही. कमलला सातवा लागून दहा-अकरा दिवस झाले होते.

शांतम्मानं सांगितलं ते असं. कमलची तब्येत नाजूक आहे, कळंबला दोन गाड्या बदलून यावं लागतं, धक्के बसतील, तरी बाळंतपण इथंच करू. काळजी नसावी. मी पाटीवर लिहिलं आणि वाचून दाखवलं. शांतम्मा म्हणाली, बराबर आहे, उतरवा.

मी कमलकडं बघितलं. ती बोटानं ओट्यावरचा पोपडा काढत होती. तिची तब्येत माझ्याहून चांगली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण पत्र सांगणारीचं असतं, लिहिणारीचं नसतं. मी उतरवलं. कार्ड गेलं.

कळंबचं उत्तर आठव्या दिवशी आलं. तेही वाचायला माझ्याकडंच आलं, कारण लिहिणारी मी तशी वाचणारीही मीच. शंकरप्पानं लिहिलं होतं, तुम्हाला योग्य वाटेल तसं करावं, आई आठवण काढते, कमलला सांभाळावं. शांतम्मानं 'कमलला सांभाळावं' पुन्हा वाचायला लावलं आणि मान हलवली. कमल नुसती बसली. मला वाटलं आता ही उठणार नाही, हिला उचलावं लागणार.

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली, चाळणी मागायला. त्यांच्या घरात तीन चाळण्या होत्या. उंबऱ्यावरच उभी राहिली. मागल्या दारानं निघायला तिला एवढंच मिळायचं, माझ्या ओट्यापर्यंत. दीड वर्षात तिनं उमरग्याचा बाजार बघितलेला नव्हता, एस. टी. कुठं उभी राहते ते तिला ठाऊक नव्हतं. नवरा वीरप्पा आडतीवर बसायचा, आईपुढं त्याचा आवाज निघत नव्हता.

"मावशी, एक कार्ड माझं लिवा," ती म्हणाली. "न्यायला ये म्हणून. एवढंच."

मी नाही म्हटलं. आज लिहिताना सुद्धा हात जड होतो, पण नाही म्हटलं. एका घरातून एका घराला दोन तोंडांची पत्रं मी लिहीत नव्हते. त्याला कारण होतं. शंकरप्पाचं उत्तर येणार, ते शांतम्मा माझ्याकडंच आणणार, आणि 'कमलचं पत्र मिळालं' हे मला शांतम्मासमोर मोठ्यानं वाचावं लागणार. वाचताना गाळलं, तर उद्यापासून कुणाचंही पत्र मी खरं वाचते कशावरून? गल्लीतल्या वीस घरांचं मनातलं माझ्या हातात होतं. एकदा हात मारला की सगळंच गेलं. हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "म्हंजे तुमच्याबी घराला दार न्हाय."

चाळणी तिनं नेलीच नाही. सातव्यातले दहा दिवस राहिले असतील तेव्हा.

मला दोन रात्री धड झोप लागली नाही. मी नियम केले होते ते भांडणं नकोत म्हणून, आणि आता एक पोर त्या नियमांच्या आत चिणली जात होती. तिसऱ्या दिवशी मी एक केलं. शांतम्माच्या दारात जाऊन म्हटलं, शांतक्का, कळंबच्या कार्डाला उत्तर धाडायचं राहिलं, माणसं वाट बघत असतील. येताना सुनेला आणा, तिच्या आईला तिचे दोन शब्द जाऊ द्या. यात खोटं काही नव्हतं. आणि वाटेत एकटी सापडली तेव्हा कमलला एवढंच म्हटलं, ओट्यावर पाटी पुढ्यात असली की कुणीही बोलू शकतं, सासूच्या देखत सुद्धा, आणि पुसलेलं बोलायचं नाही हे तुझ्या सासूलाही लागू आहे.

दोघी आल्या. शांतम्मानं तांब्या ठेवला, सुरुवात केली. सर्व खुशाल आहे, कमलची तब्येत आता बरी आहे, इथं सुईण चांगली आहे. मी लिहिलं आणि वाचलं.

"पुसा," कमल म्हणाली.

शांतम्मा तिच्याकडं वळून बघायला लागली. मी बोळा फिरवला. ओट्यावर दुसरा उपाय नव्हता, कुणीही पुसा म्हटलं की पुसायचं.

कमल म्हणाली, "लिवा, आई, मला इथं भ्या वाटतं."

मी लिहिलं. वाचलं. माझाच आवाज मला कसासाच वाटला. शांतम्मा म्हणाली, पुसा. मी पुसलं. शांतम्मानं सांगितलं, कमलला इथं कसली कमी नाही, दूध आहे, तूप आहे. कमल म्हणाली, पुसा. मी पुसलं. कमलनं सांगितलं, दूध आहे तूप आहे पण आई न्हाय. शांतम्मा, पुसा. पाटी वाळायला वेळच मिळेना. लिहिलेलं ओल्यावर उमटेना म्हणून मला मधे मधे पदरानं कोरडी करावी लागायची. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या. जे काय बोलायचं ते माझ्याकडं बघून, पाटीला सांगितल्यासारखं.

शांतम्मानं सांगितलं, आजकालच्या पोरी माहेरी गेल्या की चटकन येत नाहीत. पुसा. कमलनं सांगितलं, मी येईन, पोर पाच म्हैन्याचं झालं की आणून घाला. शांतम्मा म्हणाली, पुसा. मी बोळा उचलला तर म्हणाली, थांबा, आणि मग म्हणाली, पुसाच.

 सडकेवरून एक ट्रक गेला, चढाला लागलेला, त्याचा आवाज पार नाक्यापर्यंत ऐकू आला. मी पेन्सिल धरून बसले होते.

"लिवा," शांतम्मा म्हणाली. "मागल्या बारीला म्याच सांगितलं, न्यायला या म्हणून."

मी लिहिलं नाही लगेच. ते कार्ड माझ्याच हातचं होतं. तिची थोरली सून मथुरा. तीन वर्षांपूर्वी सातव्यात माहेरी गेली, हसत गेली, ओट्यावरून मला हात करून गेली. बाळंतपणात गेली. मूलही गेलं. कळवायला माणूस आला तो क्रियाकर्म उरकल्यावर आला. शांतम्माचा थोरला मुलगा मग सोलापूरला गिरणीत गेला आणि अजून घरी आला नव्हता. गल्लीत बोलायचे की शांतम्मा सुनांना कैद करते. मीही मनात तेच म्हणत होते. मथुराची आठवण मला आली नव्हती असं नाही. मी ती जुळवली नव्हती.

"लिवा की," शांतम्मा म्हणाली.

मी लिहिलं. वाचून दाखवलं. ती पुढं सांगत गेली आणि मी एकेक ओळ लिहीत गेले. म्या धाडली, ती आली न्हाय. तोंड बगायला मिळालं न्हाय. धाकटा तोंड उघडत न्हाय पर त्याच्या मनात बी तेच आहे. हिला म्या डोळ्यासमोर ठेवते, निजली की उठून श्वास बगते. पाटी भरली. मी वरून खालपर्यंत वाचून दाखवलं, थांबत थांबत. कमलनं लिंगावरची मूठ सोडली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच सांगितलेलं होतं की थोरली जाऊ वारली.

"पुसा," शांतम्मा म्हणाली.

 मी पुसलं. एकदा पुसून भागलं नाही, दोनदा बोळा फिरवला. आता हे आम्हा तिघींनाही कुठं बोलता येणार नव्हतं, एकमेकींतसुद्धा. मी केलेला नियम मला इतका वाईट कधी वाटला नव्हता. बंद खोलीत तिघींना कोंडावं आणि किल्ली माझ्याच कमरेला असावी, तसं झालं.

पाटी कोरी राहिली. मला वाटलं आता शांतम्मा पहिलंच सांगेल, सर्व खुशाल. सांगितलं असतं तर मी तेच उतरवलं असतं, कारण तेवढंच माझ्या हातात होतं.

कमल म्हणाली, हळू, "लिवा. अण्णा, सातवा सरायच्या आत मला न्यायला यावं. आईला बी संगं घेऊन यावं, म्हंजे आत्याबाईला धीर यील."

मी लिहिलं. वाचलं. आणि शांतम्माकडं बघत बसले.

तिनं पाटीकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पाटीवरच्या ओळी ती मोजल्यासारख्या बघत होती. मी बोळा हातात घेऊन तयार होते. कमल जमिनीकडं बघत होती.  शेवटी शांतम्मानं तांब्या उचलला, उठली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "म्हशीचं पानी व्हायचंय." पायऱ्या उतरली आणि गेली. कमलला चल म्हणाली नाही.

ज्याला कुणी 'पुसा' म्हणत नाही ते कार्डावर जातं. ती हो म्हणाली नव्हती. पण पुसा म्हणाली नव्हती, आणि माझा नियम तेवढंच विचारतो.

एरवी कार्डावर उतरवण्याआधी मी एकदा शेवटचं वाचून दाखवते, आणि सांगणारी उठून गेली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते. त्या दिवशी थांबले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी घाईघाईनं कार्ड लिहिलं.  आधी तारीख घातली, मोठी, म्हणजे शंकरप्पाला दोन कार्डांतलं नंतरचं कुठलं ते कळावं. पहिल्या कार्डावरचं 'इथंच करू' मला खोडता येत नव्हतं, ते कळंबला कुठंतरी फळीवर खोचलेलं असणार. ते राहू दे तिथं. त्याच्या पुढचं एक जाईल. कमल माझ्या खांद्यावरून बघत होती, तिला एक अक्षर कळत नव्हतं, तरी पेन उचललं की श्वास सोडत होती.

शेवटची ओळ संपली आणि पायरीवर सावली आली. शांतम्मा परत आली होती. हातात तांब्या तसाच, म्हणजे म्हशीपर्यंत गेलीच नव्हती. कोपऱ्यावरून वळली असावी.

"लिवलं?"

"लिवलं, शांतक्का."

ती पुढं झाली. शाई ओली होती, उन्हात चमकत होती.

"आता पुसता येत न्हाय?"

"न्हाय."

कमलनं माझा पदर मागून धरला. मी मनात म्हटलं, ही आता कार्ड हिसकावणार आणि टराटरा फाडणार. फाडायला ती मोकळी होती, कार्ड तिनंच आणलेलं होतं. शांतम्मा ओट्यावर बसली. तिचे खांदे एकदम खाली आले, डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर येतात तसे.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्या आजून धा बारी पुसलं असतं."

 तिनं तांब्यातलं पाणी स्वतः प्यायलं, आणि उरलेलं कमलकडं सरकवलं. थोड्या वेळानं म्हणाली, एक ओळ घालायची राहिली. परत आणून घालावं, असं लिवा. पोर आणि पोराची आई, दोगंबी.

कार्ड भरलेलं होतं. पत्त्याच्या कडेला बोटभर जागा उरली होती, तिथं मी कार्ड आडवं धरून बारीक लिहिलं, 'दोघांनाही परत आणून घालावे'. वाचून दाखवलं. तिनं ते कुठं आहे ते विचारलं. मी बोट शाईला न लावता दाखवलं. तिनं डोळे बारीक करून, मान वाकडी करून, बराच वेळ बघितलं.

"येवढं बारीक का लिवलं?"

"जागाच तेवढी होती, शांतक्का."